पेरूची फळमाशी: सापळा टांगावा की पिशवी घालावी?

आंबे बहर (उन्हाळ्याच्या तोंडाचा फुलोरा) धरला की पेरू जुलै-ऑगस्टमध्ये तोडणीला येतो आणि फळमाशीचा जोरही नेमका तेव्हाच असतो. मृग बहराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं थंडीत निघतात, त्यांना त्रास कमी. ज्यांना बहर बदलता येतो त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांपुढे दोन वाटा आहेत: मिथाइल युजेनॉल या माशीला ओढणाऱ्या वासाचे सापळे, नाहीतर प्रत्येक फळावर फोम आणि पिशवी. फवारणी मी मोजतच नाही. तोडणी एक दिवसाआड चालू असताना फळावर काय मारणार?

सापळा स्वस्त, आणि टांगणं एका माणसाचं सकाळचं काम. एकरी 6 ते 8 पुरतात. झाडाच्या आतल्या सावलीत, जमिनीपासून साधारण 5 फुटांवर टांगावेत, कारण उन्हात ल्यूर, म्हणजे आतलं वासाचं आमिष, लवकर उडून जातो. सापळ्याला पान-फांदी टेकली की मुंग्या आत शिरून मेलेल्या माशा ओढून नेतात, मग सापळा रिकामा दिसतो आणि माशी नाहीच असं वाटतं. तारेला बोटभर ग्रीस फासलं की मुंग्या थांबतात. ल्यूर दीड-दोन महिन्यांनी बदलायचा. दुकानात मागताना पीक सांगा: कारली-दोडक्याचा क्यू ल्यूर वेगळा, पेरूवरची माशी त्याच्याकडे फिरकत नाही.

माझं मन सापळ्यावरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे. त्यात नरच सापडतात. तुळशीच्या पानांवर हे नर घोंगावताना दिसतात ते याच वासाने; मादीला त्याचं सोयरसुतक नाही. नर संपले की माद्या वांझ राहतील, असा हिशोब आहे आणि तो खोटा नाही. आपल्याकडची ही माशी पॅसिफिकमधल्या बेटांवर परकी म्हणून शिरली, तेव्हा 1960च्या दशकात रोटा बेटावरून ती याच पद्धतीने संपवली गेली. पण रोटाभोवती समुद्र आहे. वाळव्यात किंवा फलटणकडे दोन एकरांच्या बागेभोवती बांध असतो, बांधावर आंबा, जांभूळ, सीताफळ, पलीकडे कुणी लक्ष न दिलेली पेरूची चार झाडं, आणि गावात शाळेच्या आवारातला देशी बदाम. मादी तिकडेच मिलन उरकून येते आणि थेट आपल्या फळाला टोच मारून अंडी घालते. सापळा नरांनी गच्च आणि क्रेटमधल्या फळात अळ्या, हे एकाच आठवड्यात बघायला मिळतं. भरलेला सापळा बघून माणूस निर्धास्त होतो, ते तर आणखी वाईट.

पिशवीत असा घोळ नाही, पण कष्ट आहेत. फळ लिंबाएवढं झालं की घालायची. इतक्या कडक हिरव्या फळाला माशी सहसा जात नाही, ती येते रंग फिरायला लागल्यावर. आधी विरळणी करून गुच्छात एकच फळ ठेवा. पिशवीच्या एक-दोन दिवस आधी मिलीबगवरची (पिठ्या ढेकणावरची) फवारणी झालेली हवी, कारण आत अडकलेल्या मिलीबगला पाऊसही लागत नाही आणि औषधही. दव वाळल्याशिवाय कामाला सुरुवात नको, ओल्या फळावर पिशवीत बुरशी धरते. आधी फोमची जाळी, वरून पिशवी, तोंड देठाशी स्टेपल करायचं, देठ मात्र आवळायचा नाही. खालचे दोन्ही कोपरे टोकालाच कातरलेले असावेत. कातरले नाहीत तर पाणी साचून फळ बुडातून सडतं, जास्त कातरले तर माशीला वाट होते.

सेटिंग, म्हणजे फळधारणा, एकदम होत नाही, त्यामुळे बागेत तीन-चार फेऱ्या होतात. फेरीगणिक वेगळ्या रंगाचा दोरा बांधला तर तोडणाऱ्या बायकांना पिशव्या चाचपत बसावं लागत नाही. शेवटच्या फेऱ्या नेमक्या सोयाबीनच्या भांगलणीत येतात आणि रोजाने माणूस मिळत नाही. पैऱ्याची, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायची, सवय असलेल्या गावात हे निभतं. तोडणीनंतर फोम आणि प्लास्टिक गोळा करणं हेही कामच.

पाच-सात एकर सलग बाग असेल आणि शेजारीपाजारी सगळे एकाच वेळी सापळे टांगणार असतील, तर सापळ्यावर भागू शकेल, मी नाही म्हणणार नाही. दोन-तीन एकरवाल्याने मात्र पिशवीकडे वळावं असं मला वाटतं. फोममुळे माल डागी होत नाही आणि रंगही एकसारखा येतो, त्यामुळे मजुरीचा काही भाग बाजारात निघतो. एकरी दोन सापळे तरीही असू द्यात, माशी वाढली की आधी तिथे कळतं.

पडलेली फळं दोन्हीकडे उचलावीच लागतात. ती उकिरड्यावर टाकू नका. अळी फळातून निघून मातीत एक-दोन इंचांवर कोष करते आणि साधारण दहा-बारा दिवसांत माशी बाहेर पडते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा.