आखडलेल्या सांध्यावर ॲक्युपंक्चर: दुखणं उतरतं, पण हालचाल करवून घ्यावी लागते

फ्रोजन शोल्डर (आखडलेला खांदा), गुडघ्याची झीज किंवा जुनाट कंबरदुखी यांवर ॲक्युपंक्चर घ्यावं का? दुखणं कमी करायला घेऊन पाहावं, गुडघ्याच्या झिजेबाबत मात्र मतभेद आहेत. सांधा मोकळा करायला मात्र नुसत्या सुया पुऱ्या पडत नाहीत. सुयांनंतर काही वेळ दुखणं उतरतं आणि त्या वेळात सांधा हलवून घेतला तर हात वर जायला लागतो. उपचार देणारा हे करवून घेतो की नुसतं वीस मिनिटं झोपवून घरी पाठवतो, यावरच आमची पसंती ठरते.

फ्रोजन शोल्डरचंच घ्या. पहिल्याच दिवशी मोजमाप हवं. हात समोरून किती वर जातो, कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेर किती वळतो, पाठीमागे अंगठा कुठवर पोचतो? हे लिहून ठेवलं नसेल तर चार बैठकांनंतर ‘जरा बरं वाटतंय’ यापलीकडे हाती काही लागत नाही. मग पहिली सुई पायात: गुडघा आणि घोटा यांच्या मध्यावर, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. ती हलकेच फिरवत असताना रुग्णाने हात वर-खाली करायचा. खांद्याभोवतीच्या सुया त्यानंतर, झोपवून. हा क्रम उलटा करू नये. खांद्यात खोल सुई असताना दंड हलला की स्नायू आवळतो आणि सुई वाकते किंवा अडकते. अडकलीच तर ओढायची नाही. हात होता तिथे परत आणायचा, आजूबाजूला हलकं चोळायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं, बहुतेक वेळा ती सैल होते.

सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव असते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं आणि वापरलेली सुई परत कोणालाही टोचली जाऊ नये. आत गेल्यावर जड, बोथट ठणका पसरला तर तो अपेक्षितच आहे. विजेसारखी चमक गेली तर मात्र सुई मज्जातंतूला लागते आहे. लगेच सांगा, ती मागे घेतली पाहिजे.

सर्वांत जपायची जागा मान आणि खांदा यांच्यामधला मांसल भाग. त्याच्याखाली फुफ्फुसाचं टोक असतं. तिथे सरळ खाली खोल टोचलं तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, हे काही तासांनीही सुरू होतं. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. उपाशीपोटी किंवा बसून सुया घेतल्या तर भोवळ येऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

पुराव्याचंही स्पष्ट सांगायला हवं. जर्मनीत १,१६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के जणांना फरक पडला होता, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण अचूक बिंदूचं महत्त्व सांगितलं जातं तेवढं दिसत नाही. ‘आमच्याकडे खास गुप्त बिंदू आहेत’ असं कोणी म्हणालं तर त्यापायी जास्त मोजू नका. उपचारांबाबत अधिकृत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये विशिष्ट कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन दुखण्यासाठी एक कोर्स मान्य केला, पण २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी देऊ नये असं सांगितलं.

आठवड्याला एक-दोन अशा सहा बैठकांनंतर पुन्हा मोजा. अंगठा तिथेच अडत असेल आणि रात्रीची झोपही तशीच मोडत असेल तर पुढचा कोर्स घेऊ नका. मधुमेहात खांदा उशिरा सुटतो, तिथे थोडा जास्त धीर धरावा. ताप, अकारण वजन उतरणं, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही असेल तर सुयांच्या आधी डॉक्टरकडे जा.