पत्रकावर माझा फोटो आहे, म्हणून तिथे पैसे भरू नका

मागच्या रविवारी सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात एका कोचिंग क्लासचं चकचकीत पत्रक. "अगं, तुझा फोटो आलाय की! एवढे चांगले मार्क पडले आणि आम्हाला पेढासुद्धा नाही?"

पत्रकात चौथ्या ओळीत खरंच माझा फोटो होता. क्लासच्या ओळखपत्रासाठी काढलेला, निळ्या कुर्त्यातला. खाली माझं नाव आणि ठळक आकड्यांत '९९.२ पर्सेंटाइल'. मला एमबीए सीईटीत, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, ८४.६ पर्सेंटाइल आहेत, म्हणजे शंभरातली ८४.६ मुलं माझ्या मागे. तो ९९.२ चा आकडा क्लासच्याच एका मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा आहे. 'मॉक' हा शब्द पत्रकाच्या अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलाय.

काकूंची मुलगी टीवायला आहे. तो फोटो बघूनच ती त्या आठवड्यात तिथे पैसे भरणार होती. माझ्या तोंडाकडे बघून दुसरं कुणी फसू नये, म्हणून हे सगळं लिहितेय. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत नीट वाचा. ती एकाच क्लासची असेल असं मला वाटत नाही.

मी भांडुपला राहते, ऐरोलीत एका कंपनीत सपोर्टला आहे. दोन वर्षं नोकरी झाल्यावर एमएमएस, म्हणजे एमबीएसारखाच अभ्यासक्रम, करायचं ठरवलं. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम कॉलेज मिळावं अशी इच्छा होती. आपल्या सीईटीत प्रश्न २०० आणि वेळ १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, त्यामुळे बाहेरून परीक्षा सोपी वाटते. पण त्या २०० पैकी ७५ प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे (एलआर, म्हणजे तर्काचे), शिवाय २५ आकृत्यांचे. अर्धा पेपर तिथेच. माझं गणित बरं आहे, इंग्रजी चालून जातं, लॉजिकलला मात्र हातपाय गळायचे. पहिल्या प्रयत्नात तिथेच आपटले होते.

म्हणून गेल्या जुलैत दादर पश्चिमेच्या या क्लासमध्ये गेले. जिन्यापासून वरपर्यंत भिंतीला फोटोच फोटो. काउंटरवरच्या मॅडमनी माझा जुना स्कोअर बघितला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा प्रॉब्लेम फक्त एलआर आहे. आमची एलआर हमी बॅच आहे. ९५ च्या खाली आलात तर पूर्ण पैसे परत." फी ६८,०००. माझा चेहरा बघून लगेच पुढचं वाक्य आलं, "आज फक्त आठ भरा, बाकी महिन्याला पाच हजार, बारा महिने. व्याज शून्य."

मी हो म्हटलं. "फोन द्या, फॉर्म भरून देते," म्हणत त्यांनी माझा फोन हातात घेतला. एकामागून एक तीन ओटीपी आले, ते मी वाचून दाखवले. स्क्रीनवर काय उघडलंय ते मला दिसत नव्हतं आणि मी बघायलाही मागितलं नाही. संध्याकाळी घरी जाताना घाटकोपरच्या आसपास मेसेज आला, 'आपले ६०,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले आहे.' पाठवणारी कुठलीतरी फायनान्स कंपनी, नाव कधी ऐकलेलं नाही. गाडीतूनच मॅडमना फोन लावला. "अहो, ती सिस्टीमची भाषा असते, हप्ते आमचेच आहेत." माझं समाधान झालं. व्हायला नको होतं. ते साठ हजारांचं कर्ज माझ्या नावावर होतं आणि पुढे कळलं की त्याचे पैसे क्लासला त्याच आठवड्यात एकरकमी मिळाले होते. मी शिकले काय, नाही शिकले काय, त्यानंतर क्लासचं काही अडणार नव्हतं.

आता शिकवण्याबद्दल, कारण खरी फसवणूक तिथे झाली.

पहिले दोन आठवडे सर छान शिकवायचे. माहिती वाचून तक्ता कसा आखायचा, नक्की काय कळलंय आणि काय शक्य आहे हे वेगवेगळं कसं मांडायचं, गोल टेबलाभोवती बसलेला माणूस बाहेर तोंड करून असेल तर त्याचा उजवा हात कुठे येतो. हे कष्टाचं काम आहे, वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून सगळा भर 'ट्रिक'वर आला. विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांसाठी सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "'काही आहेत' आणि 'एकही नाही' ही जोडी दिसली की डोळे मिटून उत्तर 'दोन्हींपैकी एक'." आम्ही सगळ्यांनी वहीत चौकट करून उतरवून घेतलं.

हे अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे. एक साधं उदाहरण घ्या. सर्व आंबे फळं आहेत, सर्व फळं गोड आहेत. निष्कर्ष पहिला, काही आंबे गोड आहेत. निष्कर्ष दुसरा, एकही आंबा गोड नाही. जोडी तीच आहे, पण इथे पहिला निष्कर्ष नक्की निघतो, म्हणून उत्तर 'फक्त पहिला'. 'दोन्हींपैकी एक' हे उत्तर तेव्हाच बरोबर, जेव्हा दिलेल्या विधानांवरून दोन्हीतलं कुठलंच ठामपणे सांगता येत नाही. ट्रिक लावली की हा प्रश्न हमखास चुकतो. मग आमच्या मॉकमध्ये ती कधीच का चुकली नाही? कारण मॉकमध्ये ती जिथे चालते तेवढीच उदाहरणं घातलेली असायची.

मॉक दर शनिवारी. माझे पर्सेंटाइल ७१, ८३, ९२, ९७ असे चढत गेले आणि फेब्रुवारीत आले ९९.२. रँक कार्डावर 'क्रमांक २' छापलं होतं. आईने ते कार्ड देवापुढे ठेवलं. त्या भरात मी घरचा सराव सोडला, बाहेरची कुठलीच टेस्ट दिली नाही. सरही सांगायचे, "बाहेरचं काही सोडवू नका, गोंधळ होतो." परीक्षेआधी एक महिना बिनपगारी रजा घेतली आणि त्या महिन्यातसुद्धा क्लासच्याच फायली घोटत बसले.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या सेटला (एक माहिती आणि तिच्यावरचे काही प्रश्न, असा एक सेट) मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. माहिती वाचून झाली, पेन हातात, आणि पहिली रेघ कुठे ओढायची ते सुचेना. मॉकमध्ये मी दुसरी ओळ वाचतानाच आकृती काढायला घ्यायचे. इथे मजले होते, प्रत्येक मजल्यावर दोन घरं होती, काही अटी उलट्या घातलेल्या होत्या. पाच मिनिटं गेली, कागदावर तीन खोडलेले तक्ते. सेट सोडला, पुढचा घेतला, तिथेही तेच. घड्याळाकडे बघितलं तेव्हा ७५ पैकी जेमतेम २० प्रश्न झाले होते. शेवटची दहा मिनिटं मी नुसती अंदाजाने उत्तरं टिचकत होते. बाहेर पडल्यावर बाबांना फोन लावता आला नाही, मेसेज केला.

निकाल लागला त्या रात्री झोप येईना, म्हणून लेक्चरची वही आणि मॉकची वही दोन्ही काढून बसले. तेव्हा दिसलं. लेक्चरमध्ये ऑगस्टला सोडवलेला आठ जणांचा गोल टेबलाचा सेट डिसेंबरच्या मॉकमध्ये होता. अमोलच्या जागी प, भावनाच्या जागी फ, चेतनच्या जागी ब. अटींचा क्रम तोच, कोण आत आणि कोण बाहेर बघतंय तेही तेच. उत्तरांचे पर्यायसुद्धा त्याच क्रमाने, दोन, चार, चार, एक, पाच. मी पुढे शोधत गेले. शेवटच्या सहा मॉकमधले बहुतेक सेट आधी वर्गात होऊन गेलेले होते, नुसती नावं बदललेली. त्यातले कितीतरी मला बँक भरतीच्या जुन्या, फुकट मिळणाऱ्या प्रश्नसंचांत शब्दशः सापडले. मी सहा महिने ओळखीचे चेहरे ओळखत होते आणि त्यालाच तर्क समजत होते. लॉजिकलचा सगळा कस न पाहिलेली माहिती समोर आल्यावर लागतो, आणि नेमकी तेवढीच गोष्ट आमच्यापासून दूर ठेवली गेली. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

मग ते रँक कार्ड पुन्हा बघितलं. दुसरा क्रमांक आणि माझ्या मागे ९९.२ टक्के. म्हणजे मी धरून वरचे दोघं मिळून ०.८ टक्के. दोन म्हणजे ०.८ टक्के, तर एकूण मुलं २५०. खऱ्या परीक्षेला लाखाहून जास्त मुलं बसतात. इथे अडीचशे, तीही सगळी तेच सेट पाठ केलेली. हे गणित फेब्रुवारीतच एका मिनिटात मांडता आलं असतं. मी मांडलं नाही, कारण आकडा मला हवा तसा होता.

पैसे परत मागायला गेले तर मॅडमनी करारपत्राची मागची बाजू दाखवली. हमीसाठी ९० टक्के हजेरी हवी, सगळे ३० मॉक दिलेले हवेत आणि प्रत्येक गृहपाठ ॲपवर वेळेत टाकलेला हवा. माझे २९ मॉक झाले होते. एका शनिवारी पावसाने सेंट्रलच्या गाड्या बंद होत्या, म्हणून एक चुकला. "मग हमी लागू होत नाही, ताई. पुढच्या वर्षी बसायचं असेल तर बॅच फ्री देतो." तो कागद मी जुलैत सही करताना उलटून पाहिला नव्हता.

हप्त्यांबद्दल एक कळकळीने सांगते. चिडून बँकेत ऑटो डेबिट बंद करू नका. माझ्या बॅचच्या एका मुलीने तसं केलं. बाउन्सचे चार्ज लागले, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खाली गेला, वसुलीचे फोन थेट तिच्या ऑफिसात. क्लासशी भांडण वेगळं आणि कर्ज वेगळं, असं फायनान्स कंपनी सरळ सांगते. ऑनलाइन कर्जात सुरुवातीला थोडा मुदतीचा काळ असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कर्जासोबत अटींचा एक गोषवाराही द्यावा लागतो, त्यात हे लिहिलेलं असतं. माझ्या ईमेलवर तो आला होता, मी उघडला मेमध्ये. कर्जाबाबत कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. माझी तिथली तक्रार चालू आहे.

क्लासविरुद्ध मी आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. त्यांनी क्लासला कळवलं, क्लासने पुन्हा तीच फ्री बॅच पुढे केली. मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज टाकला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील घेतलाच पाहिजे असंही नाही. दोन्ही वह्यांची पानं समोरासमोर ठेवून झेरॉक्स काढल्या आणि त्या जोडल्या. आता पत्रकही जोडतेय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. विद्यार्थ्याची निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही. निवडीची हमी देता येत नाही. तळटीपही मुख्य मजकुराएवढ्याच आकारात छापावी लागते. माझ्या पत्रकात यातलं एकही पाळलेलं नाही. तुमचा फोटो असा कुठे दिसला तर पत्रक फाडून टाकू नका. छापील प्रत आणि तारीख जपून ठेवा.

काकूंच्या मुलीला मी त्याच दुपारी घरी बोलावलं. तिच्या डेमो लेक्चरच्या वहीत पहिल्याच पानावर चौकटीत ती 'दोन्हींपैकी एक'वाली ट्रिक होती. मी तिला आंब्यांचं उदाहरण दिलं, तिने ट्रिक लावली, चुकलं. दोन मिनिटं ती त्या दोन ओळींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मग हे आम्हाला सांगितलं का नाही?" पैसे तिने भरले नाहीत. आता आम्ही दोघी रोज रात्री साडेनऊला आमच्या स्वयंपाकघरात बसतो. ती माझ्यासाठी कुठूनतरी नवा सेट आणते, मी तिच्यासाठी. दोघींपैकी कुणीही तो आधी पाहिलेला नसावा, एवढी एकच अट आहे. काल मला एका सेटला अकरा मिनिटं लागली आणि एक उत्तर चुकलं.

आयोगातली पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याच क्लासच्या आमच्या बॅचचं कुणी हे वाचत असेल तर आपल्या वह्या रद्दीत घालू नका. गोल टेबलाचा तो सेट, पाच उत्तरं, दोन-चार-चार-एक-पाच. तुमच्याकडेही सापडला तर मला कळवा.