सीलबंद बॅरलमधून परत आलेले आमचेच ट्रायक्लो

गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचे लहान युनिट आहे. लोखंडी पत्र्याच्या विजेच्या पेट्या आणि पितळ व ॲल्युमिनियमचे केबल ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तेथे तिला घट्ट धरणारे भाग, आम्ही बनवतो. यातील बराच माल मांडवी आणि जुवारी नद्यांतून चालणाऱ्या बार्जेसवर बसतो. तेथे खारी हवा, पावसाळ्यातील ओल आणि लोहखनिजाची धूळ या तिघांचा मारा एकाच वेळी होत असतो, त्यामुळे पेटीवरचे पावडर कोटिंग किती टिकेल हे रंगापेक्षा रंगाखालच्या पत्र्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. त्याच स्वच्छतेच्या बाबतीत सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारे द्रव, विकणाऱ्या एका विक्रेत्याने आमची पद्धतशीर फसवणूक केली. प्रकरण अजून मिटलेले नसल्यामुळे त्याचे नाव मी लिहीत नाही. मात्र फसवणुकीची रीत सर्व लघुउद्योजकांना कळावी, कारण तिच्यात केवळ पैशाचे नुकसान नाही, तर कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आमच्याकडे तेल काढण्यासाठी वाफेवर चालणारी डिग्रीझिंगची टाकी आहे. तिच्या तळाशी ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे आपण सगळे ज्याला ट्रायक्लो म्हणतो ते, उकळत असते. ते 87 अंश सेल्सियसला उकळते आणि त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचार पट जड असते, म्हणून ती टाकीतच थर धरून राहते आणि वरच्या बाजूच्या थंड पाण्याच्या नळ्यांपाशी पुन्हा द्रव होऊन खाली उतरते. थंड जॉब, म्हणजे साफ करायचा भाग, त्या थरात सोडला की वाफ त्याच्यावर द्रवरूप होते, तेल विरघळवून घेते आणि ठिबकते. जॉब वाफेइतका तापला की ही क्रिया आपोआप थांबते आणि तो कोरडा बाहेर येतो. कटिंग ऑइल 87 अंशांना उकळत नसल्यामुळे तळातले द्रव काळे पडले तरी वर येणारी वाफ स्वच्छ असते. ग्लँडच्या बंद भोकांत पाणी अडकून राहते, म्हणून तेथे पाण्यात मिसळायचे क्लीनर आम्हाला चालत नाहीत. मात्र या पद्धतीची सारी भिस्त एका गृहीतावर आहे, ते म्हणजे वाफेत ट्रायक्लोखेरीज दुसरे काही नाही.

हा विक्रेता आमच्याकडे आला तो स्वस्त मालाचे आमिष घेऊन नव्हे. त्याचा भाव बाजारभावापेक्षा किरकोळच कमी होता, आणि म्हणूनच संशयाला जागा राहिली नाही. त्याने पुढे केलेली सोय वेगळी होती. टाकीतून काढलेले तेलकट, काळे ट्रायक्लो हा घातक कचरा आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही आणि अधिकृत पुनर्प्रक्रियादारालाच द्यावा लागतो. लहान युनिटकडे एका वेळी दोन-तीन बॅरलच जमतात, आणि तेवढ्यासाठी गाडी पाठवायला कोणी तयार नसते. त्यावर त्याचा माणूस म्हणाला, "शेट, नवीन माल उतरवून तीच गाडी जुना माल घेऊन जाईल. कागदपत्रे आमच्याकडे सोडा." गोव्यात कारखाना चालवणाऱ्या कोणालाही या वाक्याचे मोल कळेल.

पहिला माल चांगला होता. बिघाड त्यानंतर सुरू झाला, आणि तो अशा ठिकाणी दिसू लागला की मूळ कारणाकडे लक्षच जाऊ नये. आधी पावडर कोटिंगमध्ये बारीक खड्डे, ज्यांना आपण फिश आय म्हणतो, ते येऊ लागले. मग रंग नीट धरावा म्हणून आधी पत्र्यावर चढवला जाणारा फॉस्फेटचा थर ठिकठिकाणी विरळ आणि डागाळलेला दिसू लागला. डिग्रीझिंग करून रात्रभर ठेवलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस गंज दिसे. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने ठामपणे सांगितले, "तुमचा फॉस्फेटिंगचा बाथ थकला आहे, तो बदला." त्याचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखा होता, म्हणून आम्ही बाथ ओतून दिला, नवीन रसायन घेतले, फॉस्फेटिंगच्या आधीची ॲक्टिव्हेशनची टाकी धुतली, कंप्रेसरच्या हवेत तेल येते का तेही तपासले. त्यातच पावसाळा सुरू झाला आणि ग्राहकाकडून पेट्या परत येऊ लागल्या. त्यांच्यावर ब्लेडने चौकटी आखून चिकटपट्टी लावून ओढली, तर चौकटींतला रंग पट्टीबरोबर निघून आला आणि खाली पत्रा उघडा पडला. नुकसानीचा मोठा भाग या काळातला आहे: परत आलेला माल, पुन्हा केलेले काम आणि गेलेला विश्वास.

छडा लागला तो आमच्या फोरमनच्या आग्रहामुळे. त्याने टाकीतून नुकताच काढलेला पत्रा स्वच्छ पाण्यात बुडवून उभा धरला. तेल पूर्ण निघाले असेल तर पाण्याचा पापुद्रा सलग राहतो, न फाटता हळूहळू ओघळतो. तेलाचा अंश उरला असेल तर पाणी लगेच आक्रसून त्याचे थेंब होतात. आमच्या पत्र्यावर थेंब झाले. म्हणजे दोष फॉस्फेटिंगच्या आधीच होता. दरम्यान टाकीच्या तळाचे तापमान नेहमीपेक्षा बरेच वर जात होते, हेही त्याने नोंदवून ठेवले होते.

त्याच आठवड्यात ॲल्युमिनियमच्या ग्लँडची खेप टाकीत असताना नाकाला झोंबणारा आम्लाचा वास आला आणि टाकीच्या कडेवर पांढरट धूर दिसला. फोरमनने तत्काळ हीटर बंद केला आणि शेड रिकामी करवली. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो. ट्रायक्लो उष्णता, प्रकाश आणि हवा यांमुळे हळूहळू विघटित होते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड तयार होते. ते होऊ नये म्हणून उत्पादक त्यात अमाइन किंवा इपॉक्साइड वर्गातील स्थिरके घालतात. वापरात ती खर्च होत जातात, आणि कसलेही नियंत्रण नसलेल्या भट्टीवर ऊर्ध्वपातन करून परत काढलेल्या ट्रायक्लोमध्ये ती पुरेशी उरतीलच अशी खात्री नसते. अशा द्रवात ॲल्युमिनियमचा बारीक कीस पडला तर ॲल्युमिनियम क्लोराइड तयार होते, ते पुढच्या विघटनाला आणखी वेग देते, आणि एकदा सुरू झालेली क्रिया हीटर बंद केल्यावरही थांबेल असे सांगता येत नाही. आमच्याकडे ती सुरुवातीलाच थांबली, हे त्या फोरमनचे उपकार आहेत. ट्रायक्लो मुळातच निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. असा पदार्थ भेसळ करून, स्थिरकांविना, कामगारांच्या श्वासाच्या अंतरावर उकळायला देणे याला मी केवळ व्यापारी लबाडी मानत नाही.

मग न उघडलेले एक बॅरल पंचांसमक्ष उघडले. शुद्ध ट्रायक्लोची घनता आपल्याकडच्या 30 अंशांच्या आसपासच्या तापमानाला सुमारे 1.45 असते, हायड्रोमीटरने 1.38 दाखवली. मिनरल टर्पेंटाइनसारख्या, म्हणजे रंग पातळ करायच्या पेट्रोलियम तेलासारख्या, हलक्या पदार्थाची घनता 0.78 च्या जवळपास असल्याने, हा फरक आकारमानाने दहा टक्क्यांच्या आसपास भेसळ सुचवतो. काचेच्या बाटलीत समभाग ट्रायक्लो आणि ऊर्ध्वपातित पाणी हलवून स्थिर होऊ दिले. वर तरंगणाऱ्या पाण्यात निळा लिटमस तांबडा झाला. स्थिरके असलेल्या ताज्या मालात हे पाणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी राहते. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन केले तेव्हा शुद्ध मालाप्रमाणे सर्व द्रव 87 अंशांच्या आसपास निघून जाण्याऐवजी तापमान शंभरीच्या पुढे चढत गेले आणि तळाशी तेलकट अवशेष राहिला. हलक्या तेलाचा काही अंश वाफेबरोबर वर येऊन जॉबवर बसत होता, आणि आम्ही त्याच्यावर फॉस्फेट चढवण्याचा प्रयत्न करत होतो.

सर्वांत मोठा धक्का बॅरलनेच दिला. सीलच्या टोप्या नव्या होत्या, पिवळा रंग चकचकीत होता, लेबलवर बॅच क्रमांकही होता. उघडताना थोडे ट्रायक्लो बाहेरून ओघळले आणि तो पिवळा रंग सालीसारखा सुटून आला. त्याखाली आमच्या स्टोअरकीपरच्या अक्षरात, टाकाऊ सॉल्व्हंटच्या बॅरलवर तो नेहमी लिहितो तशी, इनॅमल रंगातील तारीख होती. म्हणजे आम्ही दिलेले बॅरल बाहेरून रंगवून आमच्याच दारात आणले गेले होते, आणि आतला मालही अशाच कारखान्यांकडून उचललेल्या काळ्या ट्रायक्लोमधून गाळलेला होता. टेस्ट सर्टिफिकेट पुन्हा काढून पाहिले, तर वेगवेगळ्या महिन्यांच्या खेपांवर तोच बॅच क्रमांक आणि दशांशापर्यंत तेच आकडे होते. बदलली होती ती फक्त तारीख. घातक कचऱ्याच्या वाहतुकीसाठी जे मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणी दिला, नेला आणि घेतला याचे नोंदपत्र, भरावे लागते, त्याची माल स्वीकारणाऱ्याची सही असलेली प्रत वारंवार मागूनही कधी मिळाली नव्हती; ती मिळणे शक्यच नव्हते. हा कचरा पुनर्वापरासाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना कळवावे लागते. तसे काहीही झालेले नव्हते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. केवळ घनता जुळली म्हणून माल खरा ठरत नाही. परक्लोरोइथिलीन (परक्लोर) या ट्रायक्लोच्याच जातीच्या सॉल्व्हंटची घनता 1.6 च्या वर असते. त्यात हिशेबाने मिनरल टर्पेंटाइन मिसळले तर हायड्रोमीटर बरोबर 1.45 दाखवील, पण परक्लोर उकळते 121 अंशांना. म्हणून घनतेबरोबर उकळण्याची कक्षा आणि आम्लता पाहिलीच पाहिजे. तांत्रिक ट्रायक्लोसाठी भारतीय मानक आयएस 245 आहे. खरेदीच्या ऑर्डरवर त्याचा क्रमांक लिहिला की 1930 च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे माल त्या वर्णनाशी जुळणे ही कराराची अट होते. वजनही करून घ्यावे: 200 लिटरच्या बॅरलमध्ये खरा माल सुमारे 290 किलो भरतो. ज्वाळेवर तांब्याची तार धरून क्लोरीन ओळखण्याची चाचणी काही जण सुचवतात. ती शेडमध्ये कोणीही करू नये, कारण ज्वाळेत ट्रायक्लोच्या वाफेपासून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. टाकीजवळ वेल्डिंग करू नये तेही याच कारणासाठी.

विक्रेत्याने आधी सर्व काही नाकारले, मग बॅरल बदलून देण्याची तयारी दाखवली. आम्ही बॅरल परत दिले नाहीत, कारण पुरावा तोच आहे. कारखान्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूची धरली जात असल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा मिळत नाही. म्हणून वकिलामार्फत नोटीस देऊन माल नाकारत असल्याचे लेखी कळवले. वाजवी काळ गप्प राहिल्यास माल स्वीकारला असे मानले जाते, हे अशा वेळी विसरू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांकडे तक्रार दिली आहे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळालाही सर्व कागद सादर केले आहेत. आता नवीन माल आला की गाडीचालकासमक्ष प्रत्येक बॅरलमधून दोन बाटल्या नमुना काढतो, दोघांच्या सह्यांनिशी सील करतो, आणि बॅरल संपेपर्यंत एक बाटली कुलपात ठेवतो. टाकाऊ ट्रायक्लो मात्र वसाहतीतील इतर युनिटांबरोबर एकत्र करून अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे पाठवण्याची व्यवस्था केली आहे, आणि सही झालेली प्रत हाती येईपर्यंत तो व्यवहार आम्ही पूर्ण धरत नाही.

ज्यांनी नवा माल देऊन जुना उचलणाऱ्या अशा एखाद्या विक्रेत्याकडून ट्रायक्लो घेतले आहे आणि ज्यांच्या टाकीत ॲल्युमिनियमचे जॉब जातात, त्यांनी पुढच्या वेळी हीटर लावण्याआधी लिटमसची चाचणी करावी, आणि कागद तांबडा झाला तर ती टाकी तापवू नये.