इंजिन बदलून झालं, आता पंखा कोणता: इंजिनवरचा की विजेवरचा?

जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय इंजिन बसलं, माउंटिंग आवळून झाली, क्लच नीट सुटतोय, डिझेलची हवा काढून इंजिन एकदा सुरूही झालं. आता किरकोळच काम उरलं असं वाटतं, आणि गाडी नेमकी इथेच अडकते. इंजिन मूळच्या जागेपासून इंचभर खाली किंवा पुढे बसलेलं असतं, त्यामुळे पंखा रेडिएटरच्या मधोमध येत नाही. मग ठरवावं लागतं: व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे आतल्या घट्ट सिलिकॉन तेलातून फिरण्याचा जोर मिळणाऱ्या जोडाचा, इंजिनवरचा पंखा ठेवायचा, की तो उतरवून रेडिएटरवर इलेक्ट्रिक पंखा लावायचा?

इलेक्ट्रिक पंख्याची बाजू लंगडी नाही. पुलीच्या टोकापासून रेडिएटरपर्यंत तीन-साडेतीन इंचच जागा उरली असेल, तर कपलिंग आणि पाती दोन्ही मावणं कठीण. तिथे दुसरा इलाज शोधत बसू नये. बाजारपेठेत, टोलनाक्याच्या रांगेत इंजिन आयडलला असतं तेव्हा इंजिनवरचा पंखा सावकाश फिरतो, इलेक्ट्रिक मात्र पूर्ण वेगाने हवा ओढतो. लावायचा तर रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा घ्या. सुरू करून जाळीसमोर कागद धरा. कागद चिकटला पाहिजे. उडाला तर वायरी उलट जोडल्या आहेत. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिक पट्ट्यांनी पंखा बांधू नका. गाडीच्या थरथरीने त्या नळ्यांना घासतात आणि रेडिएटर झिरपू लागतो. पट्टीचा लोखंडी कंस करून तो रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट करा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, 82 अंशांना उघडायला लागत असेल तर पंख्याचा स्विच 92 ला चालू, 87 ला बंद होणारा हवा. 82 चाच लावला तर पंखा थांबतच नाही.

इतकं सगळं बरोबर करूनही एक गोष्ट मला खटकत राहिली, आणि इंजिनवरचाच पंखा ठेवण्याचा माझा निर्णय तिच्यामुळेच झाला: फ्यूजचं घर. पंखा सुमारे 20 अँपिअर ओढतो, फ्यूज 30 चा. फ्यूज उडत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. पण आतली पितळी पकड थोडी सैल झाली किंवा पावसाळ्यात तिच्यावर हिरवट थर चढला, की तिथे विरोध वाढतो. 0.05 ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण 20 अँपिअरला त्या एका टोकावर 20 वॅट उष्णता तयार होते. आधी प्लास्टिक तपकिरी होतं, मग फ्यूजचं पातं एका बाजूला कलतं, शेवटी पंखा बंद. फ्यूज काढून पाहावा तर तार शाबूत! डिझेलच्या आवाजात पंखा थांबलेला ऐकूही येत नाही; कळतं ते तापमानाचा काटा वर गेल्यावर. जाड वायर, बोल्टने आवळायचा फ्यूज आणि 40 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरला तर हा त्रास बराच कमी होतो, हेही खरं. तरी पावसात रात्री घाट चढताना हेडलाइट, वायपर आणि पंखा हे सगळं जुन्या अल्टरनेटरवर टाकायला माझं मन घेत नाही.

भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कसारा किंवा खंबाटकी चढते तेव्हा समोरून येणारी हवा कमी आणि इंजिनचे फेरे जास्त असतात. इंजिनवरचा पंखा त्या फेऱ्यांबरोबरच जोर धरतो. कपलिंग मात्र आधी तपासा: थंड इंजिनवर, इंजिन बंद असताना, हाताने ढकलल्यावर पंखा जडपणे फिरून लगेच थांबायला हवा. गरगरत राहिला किंवा कपलिंगच्या पुढे तेलकट धूळ दिसली, तर आतलं सिलिकॉन तेल गेलेलं आहे.

खरी मेहनत पंख्याभोवतीच्या कव्हरची, म्हणजे श्राउडची. जुनं बसत नाही म्हणून पुष्कळजण ते काढूनच टाकतात. मग पात्यांच्या टोकांवरून गरम हवा फिरून पुन्हा पंख्यातच येते आणि रेडिएटरचे कोपरे तापलेलेच राहतात. दोष इंजिनाला दिला जातो, नवा रेडिएटरही घेतला जातो. त्यापेक्षा डेंटरकडून 20 गेज पत्र्याचं नवं कव्हर करून घ्या. त्याचं भोक रेडिएटरच्या मध्यावर नाही, पंख्याच्या मध्यावर आखायचं. पात्याची निम्मी रुंदी कव्हरच्या आत, निम्मी बाहेर. टोकाभोवती पाऊण ते एक इंच मोकळं. रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं, त्यामुळे याहून कमी ठेवू नये. पाती आणि रेडिएटर यांच्यातही किमान इंचभर हवं. कव्हर आवळल्यावर बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी इंजिन एकदम रेझ करायला सांगा आणि बाजूला उभं राहून वरची फट पाहा. कुठे अर्ध्या इंचाखाली आली, तर कव्हर कापण्याआधी इंजिन माउंटिंगचं रबर तपासा.