एक जीबीचं नेटबुक, एमपीव्ही आणि आईचा सप्ताह

झेरॉक्स मशीनच्या मागे एक नेटबुक (छोटा लॅपटॉप) गेली काही वर्षं धूळ खात होतं. २००९ साली दुकानात अर्ज टाईप करायला घेतलेलं. इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोर, १ जीबी रॅम, दहा इंची पडदा. भंगारवाल्याने दीडशे रुपये सांगितले. म्हटलं, त्यापेक्षा आईला देऊ.

आईचं मागणं एकच होतं, गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं. पुतण्याने सातही दिवसांची मोबाईलवर घेतली होती. मोबाईलवर तिला दिसत नाही, आणि टीव्हीसमोर पोरं बसलेली असतात. नेटबुक खाटेशेजारी ठेवायचं, पेनड्राईव्ह लावायचा, संपलं. असं मला वाटलं होतं.

विंडोज काढून अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकली, कारण या अ‍ॅटमला ६४ बिट चालतच नाही. सुरू झाल्यावर रॅम दोनशे एमबीच्या आसपास खर्च होते, म्हणजे एवढ्याशा जिवाला श्वास घ्यायला जागा उरते. मग व्हिडिओ दाखवणारा प्लेअर. पहिला जो टाकला, त्याचं नाव घेत नाही, चांगल्या मशीनवर तो चांगलाच चालतो. इथे मात्र खिडकी उघडायलाच सावकाश, आणि बुवांचा आवाज पुढे, ओठ मागे. आई म्हणाली, "आरं, ह्यो बुवा बोलतोय का दुसराच कोण?"

म्हणून एमपीव्ही हा दुसरा प्लेअर टाकला. हा एमप्लेअर नावाच्या जुन्या प्लेअरच्या घराण्यातला. एमप्लेअर २००० सालचा, हंगेरीत सुरू झालेला. त्याच्याच कोडमधून फांदी फुटून २०१३ मध्ये एमपीव्हीची पहिली आवृत्ती आली. फाईलवर डबल क्लिक केलं की चित्र दिसतं, दुसरं काही दिसत नाही. वर मेनू नाही, बाजूला यादी नाही. माऊस हलवला तर खाली एक पट्टी येते, हात काढला की जाते. पहिले दोन दिवस मला हे अर्धवट वाटलं. सेटिंगची खिडकीच नाही म्हणजे काय! जे काही सांगायचं ते एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवायचं. ज्याला हे नको असेल त्याने एसएमप्लेअर घ्यावा. त्याच्या पोटात हाच एमपीव्ही चालवता येतो, आणि मेनू भरपूर आहेत.

माझ्या फाईलमध्ये पाच ओळी आहेत. पूर्ण पडद्यावर उघड. बंद करताना कुठे थांबलो ते लक्षात ठेव. संपल्यावर खिडकी मिटू नको, शेवटचं चित्र तसंच राहू दे (नाहीतर आई मला हाक मारून म्हणते, "बंद पडलं बघ"). चौथी ओळ कामाची: व्हिडिओ आउटपुट, म्हणजे चित्र पडद्यावर पोचवायचा मार्ग, 'एक्सव्ही' ठेव. मुळात हा प्लेअर चित्र ओपनजीएल या दुसऱ्या मार्गाने दाखवायला बघतो, आणि इथल्या जीएमए ९५० ग्राफिक्सला ते ओझं पेलत नाही. एक्सव्हीमध्ये चित्र लहानमोठं करायचं काम ग्राफिक्सची चिप करते, बिचाऱ्या प्रोसेसरवर पडत नाही. या एका ओळीने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानेच नाही.

पाचवी ओळ म्हणजे एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) चा लूप फिल्टर वगळणं. चित्रातले चौकोन गुळगुळीत करायचं काम हा फिल्टर करतो, ते सोडून दिलं की प्रोसेसर हलका होतो. मोबदल्यात बुवांच्या पांढऱ्या फेट्याच्या कडेला ठोकळे दिसतात. मला दिसतात, आईला नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी नाही.

आता खरं सांगतो. पुतण्याच्या मूळ फाईली १०८० च्या (चित्रात एवढ्या आडव्या ओळी) आणि त्याही एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ च्या पुढची, उलगडायला जड पद्धत. त्या या मशीनवर एमपीव्हीनेही चालल्या नाहीत, चालणारही नाहीत. दोन-तीन सेकंदांनी एक चित्र, लग्नाचा अल्बम उलटल्यासारखं. जीएमए ९५० मध्ये यातलं काहीच उलगडायची सोय नाही, सगळं अ‍ॅटमच्या डोक्यावर. 'आय' दाबलं की किती फ्रेम गळल्या ते पडद्यावर येतं; तो आकडा मी रिक्षाच्या मीटरसारखा पळताना पाहिला. ७२० च्या एच.२६४ फाईली पाचव्या ओळीनंतर कशाबशा रेटल्या, पण टाळ-मृदंगाचा गजर सुरू होऊन सगळे वारकरी नाचायला लागले की गळती सुरू. चित्रात हालचाल वाढली की काम वाढतं. शेवटी दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर हँडब्रेक हा व्हिडिओ बदलून देणारा प्रोग्रॅम लावून सातही दिवस त्याच्या 'फास्ट ४८० पी ३०' या तयार सेटिंगवर उतरवले. एका रात्रीचं काम. आता प्रोसेसर साठ टक्क्यांच्या आत राहतो आणि काला सुद्धा अडखळत नाही.

जाता जाता आमच्या लग्नाची डीव्हीडीही पेनड्राईव्हवर उतरवून लावून पाहिली. ७२० बाय ५७६ चं एमपीईजी-२, लोण्यासारखं चालतं. कोणी हलला की अंगावर कंगव्यासारख्या रेघा दिसत होत्या. 'डी' दाबल्यावर गेल्या. बायको म्हणाली, रेघा गेल्या तरी तुमचा तो सफारी तसाच आहे.

तक्रार म्हणाल तर सगळा कारभार कीबोर्डचा. स्पेसने थांबतं, बाणांनी पाच सेकंद मागेपुढे, वर-खाली बाणाने मिनिटभर, नऊ आणि शून्याने आवाज. मला आठवड्यात पाठ झालं. आईसाठी स्पेसबारवर लाल टिकली चिकटवली. आणि नेटबुक गोधडीवर ठेवू देऊ नका, खालची हवा कोंडते आणि पंखा ओरडायला लागतो. आम्ही खाली पाट ठेवलाय.

परवा दुकानातून आलो तर आई म्हणाली, "आज बुवा लई घाईत हायत." बघतो तर उजव्या चौकटी कंसाची कळ दोनदा दाबली गेली होती. प्रत्येक वेळी वेग दहा टक्के वाढतो, आणि आवाज चिरका होत नाही, त्यामुळे काही बिघडलंय हे कळतही नाही. बॅकस्पेस दाबलं की मूळ वेग येतो, म्हणून तिथे हिरवी टिकली लावायला घेतली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आसं लवकर आटपतंय."