ढिल्या पिना, पातळ सायनोअक्रिलेट आणि तो 'कट्ट' आवाज

पियानो सुरात लावून ट्यूनरची पाठ वळते न वळते तोच मधल्या सप्तकातले सूर फाटायला लागायचे. तारा ठीक, हॅमर ठीक, सैल होत्या त्या पिना, म्हणजे तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या. तंबोऱ्याच्या खुंटीला खडू लावून भागतं, इथे एकेक तार सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने पिन उलटी फिरवू बघते. सांगितलेला इलाज असा: सगळ्या तारा उतरवा, २/० च्या जागी ३/० किंवा ४/० मापाच्या जाड पिना ठोका. अशा सव्वादोनशेच्या आसपास! त्या खर्चात दुसरा जुना पियानो दारात येईल.

म्हणून पातळ सायनोअक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू. पाण्यासारखंच हवं, जेल आत झिरपत नाही. माझा अपराइट, म्हणजे उभ्या घडणीचा पियानो, पाठीवर आडवा करून (दोनशे किलोंच्या वरचं धूड, मदतीला माणसं घ्याच) प्रत्येक पिनेच्या मुळाशी थेंब सोडत गेलो, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. खिडक्या उघड्या ठेवा, वाफांनी डोळे चुरचुरतात.

आता माझं खरं दुखणं. दुसऱ्या दिवशी पिना फिरवायचा लिव्हर लावला आणि 'कट्ट'! वाटलं, पिना ज्यात ठोकलेल्या असतात तो लाकडी पिनब्लॉकच तडकला. तो आवाज म्हणजे पिनेचा पृष्ठभाग गोंदापासून सुटणं. गोंद भोकातल्या लाकडातच राहतो आणि पकड वाढवतो. हे कळूनही प्रत्येक पिनेला छाती धडधडायचीच. वर पिन झटक्याने सरकायची आणि सूर ओलांडून पुढे जायचा. त्या पहिल्या ट्यूनिंगनंतर मी याला पाचपैकी दोनच तारे दिले असते.

पुढच्या ट्यूनिंगला मात्र 'कट्ट' जवळजवळ नाहीसा झाला होता. पिना जड पण सरळ वळत होत्या. खरी परीक्षा कोरड्या हवेत, कारण तेव्हा लाकूड आकसतं आणि पकड सुटते. पूर्वी याच दिवसांत पियानोची वाट लागायची. यंदा सगळा पियानो थोडा उतरला खरा, पण सारखा उतरला; एकाच सुराच्या तीन तारा आपसात भांडत नव्हत्या. ए हा सूर अजून ४४० हर्ट्झच्या आसपास आहे. चार तारे.

पाचवा अडलाय तो खर्जातल्या दोन पिनांपायी. त्यांनी सगळ्यात जास्त गोंद प्यायला आणि तरी सरकतात. तेवढ्या दोन जाड घालून घेईन. पिनब्लॉकलाच चीर असेल तर मात्र या फंदात पडू नका. आणि कुणी ग्लिसरीनचं जुनं 'औषध' घेऊन आला तर त्याला पियानोजवळ फिरकू देऊ नका, ते एकदा मुरलं की नंतर गोंदही नीट धरत नाही.