चालू सम्प दाखवून विकला, बंद करून दाखवलाच नाही

सम्प म्हणजे माशांच्या टाकीखाली ठेवलेली, पाणी गाळणारी दुसरी टाकी; तिच्यातलं पाणी पंप परत वर पाठवतो. सम्प विकणारा तुम्हाला नेहमी चालू सम्प दाखवतो. पाणी चेंबरमधून खळखळत फिरतंय, वरची टाकी काचेसारखी स्वच्छ. मलाही असाच दाखवला. पण सम्पची खरी परीक्षा पंप बंद केल्यावर होते. ती टाळूनच हा माल माझ्या गळ्यात मारला गेला.

लाईट गेली आणि टाकीतलं पाणी, पंपाचं पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाईपमधून उलटं खाली यायला लागलं. पाईपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली १० सेंमी होतं आणि हवा आत जायला त्याला वर भोकच पाडलेलं नव्हतं. त्यामुळे तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उतरतच राहिलं. १२० बाय ४५ सेंमीच्या टाकीत पातळी एक सेंमी उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं, म्हणजे दहा सेंमीला ५४ लिटर. मला दिलेला सम्प ६० बाय ३० बाय ३० चा. रिकामा असता तरी त्यात जेमतेम ५४ लिटर मावले असते, आणि तो तर निम्म्याहून जास्त भरलेला होता. उरलेलं सगळं फरशीवर. "लाईट गेली तरी थेंब सांडणार नाही," असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. जो स्वतः काच कापून सम्प जोडतो, त्याला हा हिशोब येत नसेल हे मला पटत नाही.

मग पंपाकडे लक्ष गेलं. त्यावर ताशी ३००० लिटर असं लिहिलेलं, पण धार फारच बारीक. पाईपखाली १० लिटरची बादली धरली. बारा सेकंदांत भरायला हवी होती, तिला ३६ सेकंद लागले. पाणी वर चढवताना प्रवाह घटतोच. पंपावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पण एवढा? पंप बाहेर काढला तर स्टिकरचा कोपरा भिजून सुटलेला. नखाने ओढला. खाली छापील आकडा होता १८००.

सगळ्यात वाईट फसवणूक मीडियाची, म्हणजे जीवाणू वाढावेत म्हणून फिल्टरमध्ये भरतात त्या सच्छिद्र तुकड्यांची, कारण ती माशांच्या जिवावर आली. "चालू टाकीतलं मीडिया आहे, आजच मासे सोडा." त्या सिरॅमिक रिंग पांढऱ्याशुभ्र आणि कोरड्या होत्या, हाताला भुकटी लागत होती. मासे पाण्यात सोडतात त्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू ओलसर पृष्ठभागावर जगतात, मीडिया पूर्ण वाळलं की मरतात. नव्या फिल्टरमध्ये त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. वापरातलं मीडिया तपकिरी, किंचित बुळबुळीत असतं आणि ते टाकीच्या पाण्यात बुडवूनच द्यावं लागतं. माझे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग गडद आला. रोज थोडं थोडं पाणी बदलत काही मासे वाचवले, पण बरेच गेले. त्याचा राग अजून जात नाही.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणाला, "पाणी तुमचं खराब." पावतीवर फक्त 'सम्प सेट' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे बोट ठेवायला काही जागाच नव्हती. सम्पचं माप, काचेची जाडी, पंपाचं मॉडेल, मीडिया नवं की वापरलेलं, सगळं पावतीवर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पंपाचं बटण बंद करून सम्पमध्ये पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा.